बागेची वही लिहिताय? या चुका टाळा

बागेची वही ठेवायची असं मनात आलं, की बहुतेकांची पहिली धाव स्टेशनरीच्या दुकानात असते. जाड पुठ्ठ्याची, फुलापानांची नक्षी असलेली डायरी, चार रंगांची पेनं आणि पहिल्या पानावर मधोमध 'श्री'. जानेवारीत पानंच्या पानं भरतात. फेब्रुवारीत आठवड्यातून एकदा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, एप्रिलमध्ये गावाला जाणं, आणि मे महिन्यात त्याच डायरीत वाण्याची यादी सुरू होते.

पुण्यात गच्चीवर आणि गॅलरीत बाग करणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मला अधूनमधून 'जरा आमचं झाड बघून जा' असं बोलावणं येतं. मी गेले की आधी वही मागते. काही घरांत वही नसते, ते एक वेळ परवडलं. जिथे असते तिथे खरी कमाल असते. पानभर मजकूर, आणि झाडाला काय झालं याचा पत्ता नाही. चुका त्याच त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिल्या वर्षी वहीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. पुढच्या वर्षी याच सुमाराला काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तिने सांगावं म्हणून ती लिहायची. पंधरा दिवस लिहून 'काही फायदा दिसत नाही हो' म्हणणाऱ्यांनी सरळ बाटलीत मनीप्लांट लावावा.

वहीत झाड आहे, पण गच्चीवर ते कुठलं?

माझ्या मोठ्या नणंदेकडे, सांगलीला, घरचं काटेरी वांगं होतं. देठाला बोटात घुसणारे काटे, जांभळ्यावर पांढरट रेघा, आणि भरलं वांगं केलं की बिया दाताखाली येत नसत. बी त्यांच्या सासूबाईंच्या माहेरचं. दर वर्षी दोन फळं झाडावर पार पिवळी पडेपर्यंत ठेवायची, बी काढायचं, वाळवायचं, राखेत घोळवून डबीत भरायचं. एका वर्षी रोपं कमी पडतील म्हणून वन्संनी नर्सरीतून संकरित वांग्याची रोपं आणली. तीही काटेरी, तीही रेघांची. सगळी एकाच दिवशी गच्चीवर लागली. वही होती. त्यात लिहिलं: 'आज वांगी लावली. घरची ७, नर्सरीची ५. रोपं तजेलदार.' कुंड्यांमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या खोचून त्यांवर मार्करने नावंही घातली होती. परमनंट मार्कर, म्हणून वन्सं निर्धास्त.

पावसाने त्या शाईला काही केलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हाने केलं. बी धरायची वेळ आली तेव्हा बाराही पट्ट्या कोऱ्या होत्या, आणि मधे गच्ची धुताना कुंड्यांची जागा दोनदा बदलली होती. वही उघडली तर त्यात सात आणि पाच. कुठली सात? फळं बघून ओळखू म्हणत वन्संनी सगळ्यांत भरदार झाडावरची दोन वांगी बियाला सोडली. भरदार झाड अर्थातच संकरित होतं.

संकरित वाणाचं बी धरलं की पुढची पिढी एकसारखी येत नाही, त्यात मिसळलेल्या दोन्ही वाणांचे गुण उधळले जातात. पुढच्या पावसाळ्यात तेच झालं. एका झाडाला लांबट फळं, एकाला गोल, एकाला काटेच नाहीत, एकाचं वांगं हिरवं. डबीत जुनं बी शिल्लक नव्हतं, कारण 'ताजं बी आलं की जुनं कशाला' म्हणून ते टाकून दिलं होतं. सासूबाईंच्या माहेरी विचारलं, तर त्या शेतात तेव्हा ऊस उभा होता.

माझी पद्धत अशी आहे: नंबर कुंडीला, नाव वहीत. कुंडीच्या काठाखाली ऑइल पेंटने आकडा घालायचा, तो त्या कुंडीचा जन्मभराचा. झाड बदलेल, जागा बदलेल, आकडा बदलत नाही. वहीच्या मागच्या पानांवर कुंड्यांची यादी, आणि प्रत्येक आकड्यापुढे चार-पाच ओळी मोकळ्या. '१४: भेंडी, देशी, बी मावशीकडचं, १२ जूनला पेरली.' झाड गेलं की तारीख टाकून ती ओळ बंद, खाली नवी. एवढ्याने निम्मे घोटाळे मिटतात.

आणि पट्टी हवीच असेल तर श्रीखंडाचा रिकामा डबा कापा, पट्टीवर पॉलिश पेपर एकदा हलकेच फिरवा आणि पेन्सिलीने लिहा. हो, साध्या शाळेच्या पेन्सिलीने. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन, ते उन्हाने उडत नाही. मार्करची शाई उडते. बियाणं धरायचं असेल त्या कुंडीत मी दुसरी तशीच पट्टी मातीत पूर्ण गाडून ठेवते. वरची कुणी उपटली, कावळ्याने नेली, नातवंडांनी खेळायला घेतली, तरी खालची राहते. आइस्क्रीमच्या काड्यांचं कौतुक मला कधीच कळलं नाही. पावसाळ्यात त्या बुरशी येऊन कुजतात आणि मग लोक विचारतात की मातीत पांढरं काय आलंय.

सणावारी तारखा

'गणपतीत शेवंती आणली.' 'दिवाळीनंतर मटार पेरला.' वाचायला छान वाटतं, वापरायला निरुपयोगी. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. २०२५ साली तीच चतुर्थी २७ ऑगस्टला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं. तीन आठवड्यांचा फरक. मटाराला थंडी हवी असते. २०२३ची 'दिवाळीनंतर'ची नोंद वाचून कुणी २०२५ला दिवाळी झाल्या झाल्या मटार पेरला असेल, तर तो ऑक्टोबरच्या उकाड्यात पडला, आणि मग दोष बियाण्याच्या दुकानाला. झाडाला तिथी कळत नाही, ऊन आणि गारवा कळतो. संक्रांत तेवढी चालेल, ती सूर्यावर असते म्हणून १४ किंवा १५ जानेवारी सोडून जात नाही. बाकी सगळीकडे तारीख लिहा. सण कंसात लिहा हवा तर.

डोळ्यांना दिसलेलं सोडून निकाल लिहिणं

ही माझी सगळ्यांत नावडती चूक.

'रोग पडला.' 'कीड लागली.' 'व्हायरस.' 'पाणी जास्त झालं.' या नोंदी नव्हेत, निकाल आहेत. खटला कुठे आहे? पुरावा कुठे आहे? निकाल चुकला असेल तर पुढच्या वर्षी तीच चूक वहीच्या आधाराने होते, आणि लेखी असल्यामुळे दुप्पट आत्मविश्वासाने होते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं, त्यामुळे वही अशी की नजर लागावी. डाव्या बाजूला तारीख, लाल शाईची रेघ, प्रत्येक पानाला क्रमांक, मागे अनुक्रमणिका. त्यांच्या मिरचीच्या पानावर तीन वर्षांच्या तीन नोंदी होत्या. 'व्हायरस. उपटली.' 'व्हायरस. उपटली.' 'व्हायरस (पुन्हा). उपटली. माती बदलली.' चौथ्या वर्षी मिरची चुरडायला लागली तेव्हा त्यांनी मला गच्चीवर बोलावलं आणि म्हणाले, "ताई, या गच्चीतच काहीतरी दोष आहे."

मी विचारलं, "काका, आधीच्या वर्षी पानं वर वळली होती का खाली?"

त्यांनी वही उघडली, अनुक्रमणिका बघितली, पान काढलं, आणि बघतच राहिले.

मिरचीचं पान कुठे वळतंय यात अर्धं उत्तर असतं. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखं दिसतं. कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव) असला तर कडा खाली वळतात आणि कोवळ्या पानांचे देठ उगाच लांबतात. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असेल तर पानं बारीक आणि सुरकुतलेली राहतात, पेरं आखूड होतात, झाड बुटकं राहतं. त्यावर औषध नाही, उपटणं हाच उपाय. बोलीत या तिन्हीला मिळून चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतात. करायच्या मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात.

त्या दिवशी काकांच्या मिरचीची पानं खाली वळलेली होती, देठ लांबलेले. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. फुलकिडे असते तर कागदावर सुतासारखे बारीक पिवळट जीव चालताना दिसले असते. कागद कोरा. मग भिंगातून शेंड्याच्या पानाची खालची बाजू पाहिली, तर कोळी. नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही. काका दर वर्षी उपटण्याआधी दुकानदाराने दिलेलं मावा-तुडतुड्यांचं औषध मारत होते. ते वहीत नव्हतंच, मी खोदून विचारल्यावर आठवलं. कोळी हा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय, कूळ वेगळं, आणि त्या औषधाने त्याचं काही बिघडत नाही. पाण्यात मिसळणारं गंधक आणलं, पाकिटावर छापलंय त्याच प्रमाणात कालवलं, आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारलं. (भर उन्हाळ्यात गंधक मारू नका, पानं करपतात. हे पाकिटावर बारीक अक्षरांत असतं आणि कुणी वाचत नाही.) पुढची पालवी सरळ आली.

आधीची तीन वर्षं मिरची कशाने गेली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित एकदा खरोखर विषाणू असेल. वहीत वळण नाही, पानं नवी का जुनी ते नाही, फवारलेलं औषध नाही. आहे फक्त सुंदर अक्षर.

याच्या उलट एक उदाहरण देते. ओळखीतल्या एका बाईंनी लिंबाच्या कुंडीबद्दल लिहिलं होतं: 'कोवळ्या पानांवर पक्ष्यांची शीट. काळपट-पांढरी.' दोन दिवसांनी: 'शीट अजून तिथेच, थोडी मोठी वाटते.' पुढे: 'पानं कुरतडलेली. कोण खातंय?' आणि शेवटी: 'हिरवी जाड अळी सापडली, शीट गायब.' लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. बाईंचं निदान साफ चुकलं होतं, पण नोंद शंभर टक्के बरोबर होती. पुढच्या वर्षी त्यांनी 'शीट' दिसल्या दिवशीच चिमटा घेतला. मला अशी वही द्या.

मी काय लिहिते? झाडाचा कुठला भाग, पान जुनं का नवं, वरून का खालून, आणि पसरायला किती दिवस लागले. 'पानं पिवळी पडली' यातून काही कळत नाही. 'खालची जुनी पानं सबंध पिवळी, शेंडा हिरवा' असं लिहिलं की नत्र कमी पडतंय का ते बघता येतं. 'शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या' लिहिलं की लोहाकडे लक्ष जातं. निदान लिहायचंच असेल तर शेवटी, पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह घालून. प्रश्नचिन्हाशिवाय रोगाचं नाव माझ्या वहीत येत नाही.

'खत घातलं'

कुठलं? किती? कुणी?

'एक मूठ' हे माप नव्हे. माझी मूठ आणि आमच्या ह्यांची मूठ यांत दुप्पट फरक आहे. खताच्या पिशवीतच एक जुनी वाटी ठेवून द्या आणि वहीत वाट्या लिहा. ग्रॅम नको, वजनकाटा नको, वाटी तीच राहिली म्हणजे झालं. जीवामृत घरी करणारे तर फारच ढोबळ लिहितात. मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे. म्हणजे २० लिटरच्या बादलीला १ किलो शेण आणि २०० ग्रॅम गूळ. लोक अंदाजाने अर्धा किलो गूळ ढकलतात, गच्चीवर मुंग्यांची वारी लागते, आणि वहीत काय? 'जीवामृत केले. मुंग्या फार.'

घरात दोघंतिघं बागेत हात घालत असतील तर खताची नोंद खताच्या पिशवीलाच अडकवा. सासूबाईंनी सकाळी, सुनेने संध्याकाळी आणि मुलाने यूट्यूब बघून रविवारी अशा तीन हप्त्यांत डीएपी खाऊन गुलाबाची पानं कडेने जळालेली मी पाहिली आहेत. तिघंही शपथेवर सांगत होते की आम्ही थोडंसंच घातलं.

ऊन एकदाच मोजणं

दिवाळीच्या सुमाराला दक्षिणेकडच्या गॅलरीत मस्त ऊन येतं. लोक खूश होऊन वहीत लिहितात: 'गॅलरीत ६ तास ऊन.' ही ओळ वर्षभर प्रमाण मानली जाते. मेअखेर त्याच जागी टोमॅटोची रोपं लागतात, ती काडीसारखी उंच वाढतात, फूल धरत नाहीत, आणि मग 'खत कुठलं घालू?' असा फोन येतो.

खताने काही होणार नाही. आपल्याकडे, पुण्याच्या आसपास, मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून हल्ली मुलं काठी उभी करून बघतात ना, तोच. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य पुण्यात जेमतेम ४८ अंशांवर चढतो, म्हणून तेच ऊन तिरपं होऊन पार दिवाणखान्यापर्यंत येतं. उत्तरेच्या गॅलरीचं बरोबर उलटं: हिवाळ्यात काहीच नाही आणि मे महिन्यात अचानक ऊन शिरून फर्न भाजून काढतं.

खडू घ्या. वर्षातून चार वेळा, मार्च, मेअखेर, सप्टेंबर आणि डिसेंबरात, सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता उन्हाची कड जिथे पडते तिथे फरशीवर रेघ मारा आणि त्याचा नकाशा वहीत काढून ठेवा. जून-जुलैची वाट बघू नका, तेव्हा ढगांमुळे रेघच मिळणार नाही. हे काम एकाच वर्षी करायचं असतं. समोर नवा टॉवर उभा राहिला तर पुन्हा. आमच्याकडे ती वेळ आली, पण तो वेगळा विषय आहे.

पाऊस मोबाइलवरून

मोबाइल शहराचा पाऊस सांगतो, तुमच्या कुंडीचा नाही. गॅलरीच्या आतल्या कुंड्यांवर मुसळधार पावसात एक थेंब पडत नाही, आणि माणसं 'पाऊस चालू आहे' म्हणून झारी उचलत नाहीत. श्रावणात कोरड्या कुंडीत वाळलेली तुळस ही याच नोंदीची कृपा. गच्ची असेल तर सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला शाळेची पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा. डबा लहान का मोठा याने फरक पडत नाही, भिंती सरळ हव्यात. हवामान खातंही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून बघता येतो.

फोटो म्हणजे नोंद नव्हे

मोबाइलमध्ये जास्वंदीचे शेकडो फोटो असतात. सगळे फुललेल्या फुलाचे, सगळे समोरून. पिठ्या ढेकूण पेऱ्यात आणि पानाच्या खाली बसतो, त्याचा एकही फोटो नसतो, कारण तो काही स्टेटसला ठेवता येत नाही. फोटो काढायचा तर कुंडीचा आकडा दिसेल असा काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, आणि आजारी भागाचा काढा. फुलाचा फोटो जरूर काढा, पण त्याला छंद म्हणा.

बाकीच्या, थोडक्यात

रोज 'पाणी घातलं' असं लिहू नका. जेवले, झोपले असं लिहिण्यासारखं आहे ते. पाणी चुकलं तेव्हा लिहा. आणि 'दर दोन दिवसांनी पाणी' असं वहीत लिहून ते पाळणाऱ्यांनी आधी मातीत बोट घालून बघावं.

बियाच्या पाकिटावरचे दिवस उतरवून ठेवू नका, ते पाकिटावर आहेतच. तुमच्याकडे मेथी कितव्या दिवशी उगवली आणि कितव्या दिवशी जुडी झाली तेवढं लिहा. पाकीटच वहीत स्टेपल केलं तर उत्तम, त्यावर वाण आणि लॉट दोन्ही असतात.

रात्री अंथरुणात आठवून लिहिणाऱ्यांची वही म्हणजे ललितलेखन. माझी वही झारीशेजारी, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पेन्सिलीला सुतळी बांधून खिळ्याला अडकवलेली असते. अक्षर वाईट येतं, मातीचे डाग पडतात. चालतं.

मेलेल्या झाडाचं पान फाडू नका. मेलेल्या झाडांची पानंच सगळ्यांत जास्त कामाची.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलेलं रोप लगेच त्या दिवशी मोठ्या कुंडीत हलवणारे उत्साही लोक असतात. ती घाई असो. पण निदान आणलं कधी आणि हलवलं कधी या दोन तारखा तरी वेगळ्या लिहा.

ॲप वापरा हवं तर. फोन बदलला, पासवर्ड विसरला, ॲप बंद पडलं, असं सांगत आलेल्यांना मी चहा देते. याहून जास्त काही देता येत नाही.

खर्च लिहायचा असेल तर वेगळ्या वहीत, आणि ती वही घरात कुणाला सापडेल अशी ठेवू नका.

लिहिलेलं कधीच न वाचणं

तारीखवार वहीची मोठी अडचण ही, की मागच्या जूनमध्ये काय झालं ते शोधायला दीडशे पानं उलटावी लागतात. कोण उलटतं? म्हणून वही तारीखवार लिहूच नका. मी सूर्यनक्षत्रांवर लिहिते. शेतकरी पावसाचा हिशेब याच नक्षत्रांवर करतात, आणि ते भाबडेपणाने नाही. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो आणि दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास बदलतो: रोहिणी २५ मेला, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला. अधिक महिना आला तरी याला धक्का लागत नाही. तारखा घरातल्या दिनदर्शिकेत छापलेल्याच असतात. सत्तावीस नक्षत्रं, म्हणजे सत्तावीस जोडपानं. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक जोडपानावर एकाखाली एक वर्षं लिहीत जायचं.

माझं मृगाचं पान सध्या असं आहे:

२०२३: पाऊस नाही, ऊन मेसारखं. १४ मध्ये भेंडी, झारीच्या पाण्यावर. उगवण बरी, मुंग्यांनी दोन रोपं कापली.

२०२४: सुरुवातीलाच जोराचा पाऊस. १४ मधलं बी वर आलं, पुन्हा पेरलं. २२ ची भोकं बुजलेली, पाणी साचलं.

२०२५: पाऊस मेअखेरच आलेला, माती आधीच भिजलेली. भेंडी चांगली. गोगलगायी! रात्री टॉर्च घेऊन वेचल्या. २२ ठीक (भोकं मेमध्ये मोकळी केली).

नक्षत्र बदललं की त्या दिवशी पुढचं जोडपान उघडायचं आणि मागच्या वर्षांच्या ओळी वाचायच्या. पेरायच्या आधी, खत घालायच्या आधी. दोन मिनिटं लागतात. मृग लागायच्या आधीच, रोहिणीत, २२ नंबरची भोकं बघायची हे मला या पानाने सांगितलं, आणि आता रोहिणीच्या पानावर तेवढीच एक ओळ वर, चौकटीत लिहिलेली आहे.

अश्विनी एप्रिलमध्ये लागते, तेव्हा तिथपासून 'व्यवस्थित' सुरुवात करू, असं आत्ताच कुणीतरी मनात म्हणालं असणार. करू नका. आज जे नक्षत्र चालू असेल त्याचं नाव एका कोऱ्या पानावर घाला, खाली वर्ष घाला, आणि कुंड्यांना आकडे घालायला ऑइल पेंटची सगळ्यांत लहान डबी आणा. मोठी आणली तर उरलेला रंग वाळून जातो.